कोई माशांच्या तळ्यातील पाणी आणि फिल्टर: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

रंगीत कोई माशांची पैदास जपानच्या निइगाता प्रांतातील डोंगराळ गावांत सुरू झाली, जिथे हिवाळ्यात कित्येक फूट बर्फ पडतो, आणि त्यांच्या तळ्यांविषयीचे बहुतेक लिखाण आजही थंड हवेच्या प्रदेशांतूनच येते. तळे गोठू नये म्हणून काय करावे याची त्यात सविस्तर चर्चा असते. महाराष्ट्रात अंगणात किंवा फार्महाऊसवर तळे बांधणाऱ्याची अडचण याच्या उलट आहे. आपल्या उन्हाळ्यात उथळ तळ्यातील पाणी सहज ३० अंश सेल्सिअसच्या वर जाते. अशा पाण्यात प्राणवायू कमी मावतो, अमोनिया अधिक विषारी ठरतो आणि माशांची भूक मात्र वाढलेली असते. पुढील सूचना आपल्या हवेला धरून दिल्या आहेत. हिशोब समजायला सोपा जावा म्हणून सर्वत्र एकच तळे उदाहरणादाखल घेतले आहे: १२ फूट लांब, ८ फूट रुंद आणि ४ फूट खोल.

पहिली पायरी: पाण्याचे माप

तळ्यात किती लिटर पाणी मावते हे नक्की ठाऊक असल्याशिवाय औषध, मीठ, पंप किंवा माशांची संख्या यांपैकी काहीही ठरवता येत नाही. लांबी, रुंदी आणि खोली फुटांत मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला २८.३ ने गुणावे. आपल्या उदाहरणात ३८४ घनफूट, म्हणजे सुमारे १०,९०० लिटर पाणी होते. तळ्याचा आकार वेडावाकडा असेल तर पहिल्यांदा भरताना नळीखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते हे पाहावे आणि तळे भरायला लागलेल्या वेळावरून लिटर काढावेत. याला थोडा वेळ जातो, पण पुढची कित्येक वर्षे हाच आकडा कामी येतो.

दुकानात दोन-तीन इंचांचा दिसणारा कोई चांगल्या पाण्यात दोन-तीन वर्षांत दीड फुटाच्या आसपास पोहोचतो. पूर्ण वाढलेल्या माशाला प्रत्येकी निदान १,००० लिटर पाणी असावे, या हिशोबाने या तळ्यात दहा मासे ही कमाल मर्यादा झाली. माझा आग्रह आठांवर थांबण्याचा आहे, कारण उन्हाळ्यात वीज गेल्यावर हाती जो वेळ उरतो तो माशांच्या संख्येवर अवलंबून असतो.

दुसरी पायरी: बांधकाम करतानाच घ्यायची काळजी

चार फूट ही खोलीची किमान मर्यादा समजावी. पाच फूट मिळाले तर पाणी दुपारी उशिरा तापते. जागा निवडताना दुपारची सावली पाहावी, परंतु तळे थेट गुलमोहराखाली नको, कारण त्याची बारीक पाने कोणत्याही जाळीतून आत जातात आणि तळाशी कुजत बसतात. सावलीला झाड नसेल तर ५० टक्क्यांची शेडनेट पुरेशी होते.

नव्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो आणि पीएच ११ च्याही पुढे जाऊ शकतो. त्यामुळे सिमेंटचे तळे आठवडाभर भरून ठेवावे, रिकामे करावे, आणि हे तीनदा केल्यानंतर ४८ तास साठलेल्या पाण्याचा पीएच ८.५ च्या खाली राहतो का ते तपासावे. आतून पिण्याच्या पाण्याच्या टाकीला चालणारा इपॉक्सी लेप दिला तर ही कटकट बरीच कमी होते. शेततळ्यांसाठी जे ५०० मायक्रॉनचे एचडीपीई प्लास्टिक मिळते ते खड्ड्याच्या तळ्यालाही चालते. मात्र त्याखाली जुनी पोती किंवा जिओटेक्स्टाइल (जाड कृत्रिम कापड) अंथरावे, म्हणजे मुरमाच्या टोकांनी ते फाटणार नाही.

तळाला मध्याकडे उतार देऊन तिथे चार इंची तळनिचरा बसवणे हे बांधकामातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे. ते नंतर करता येत नाही. फरशी आणि दगडांवर खर्च करणारे अनेक जण या पाइपासाठी हात आखडता घेतात आणि मग दर महिन्याला तळ्यात उतरून गाळ काढत बसतात.

तिसरी पायरी: फिल्टरची मांडणी

फिल्टरला दोन वेगळी कामे करायची असतात. पहिले काम विष्ठा, पाने आणि उरलेले खाद्य असा घन कचरा पाण्यातून बाहेर काढण्याचे, आणि दुसरे काम विरघळलेला अमोनिया जिवाणूंकडून कमी घातक क्षारांत बदलून घेण्याचे. कचरा अडवण्याची जागा नेहमी आधी आणि जिवाणूंची जागा नंतर यावी, कारण जिवाणू ज्या पृष्ठभागावर राहतात त्यावर गाळ बसला की त्यांना प्राणवायू मिळत नाही.

तळनिचऱ्याचा पाइप तळ्याच्याच पातळीवर बांधलेल्या ५०० ते १,००० लिटरच्या निवळण टाकीत आणावा. इथे पाण्याचा वेग मंदावतो आणि जड कचरा खाली बसतो. टाकीच्या बुडाशी झडप ठेवली तर रोज सकाळी ती काही सेकंद उघडून तो कचरा झाडांना सोडता येतो. पुढच्या कप्प्यात फिल्टर ब्रश उभे लावावेत किंवा जपानी मॅट (फिल्टरसाठी मिळणारी खरखरीत, जाळीदार गादी) ठेवावी. त्यानंतर जिवाणूंचा कप्पा, आणि पंप सर्वांत शेवटी. हा क्रम पुष्कळांना उलटा वाटतो, पण त्याला कारण आहे: कोई माशांची विष्ठा मऊ असते, ती पंपाच्या पात्यांतून गेली की तिचा भुगा होतो, तो कोणत्याही ब्रशला अडत नाही आणि त्यातील अमोनिया तळ्यातच विरघळतो. पंप शेवटी असला की कचरा आख्खाच्या आख्खा निवळण टाकीत येऊन बसतो.

तळनिचरा नसलेल्या जुन्या हौदासाठी दोनशे लिटरच्या निळ्या पिंपांचा फिल्टर करता येतो. पहिल्या पिंपात पाणी बुडाशी सोडून वर काढावे आणि मध्ये ब्रश लावावेत, दुसऱ्यात जिवाणूंसाठी मीडिया, म्हणजे जिवाणू ज्यावर वाढतात ते साहित्य, ठेवावा. तो तळनिचऱ्याइतका चांगला नाही, परंतु आठवड्यातून दोनदा गाळ सोडण्याची शिस्त पाळली तर तो काम देतो.

पंप असा निवडावा की तळ्यातील सर्व पाणी फार तर दोन तासांत एकदा फिल्टरमधून जाईल, म्हणजे आपल्या तळ्याला तासाला किमान ५,५०० लिटर लागतील. पेटीवर छापलेला आकडा हा पाणी अजिबात वर न चढवता मिळणारा असतो. धबधब्यासाठी दीड-दोन मीटर चढवायचे असेल तर त्यातून बरीच घट होते. ती किती, हे त्या पंपाच्या आलेखावर पाहूनच खरेदी करावी. पंपाच्या वीजजोडणीला आरसीसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असलाच पाहिजे, यात तडजोड नाही.

जिवाणूंच्या कप्प्याचा आकार माशांच्या संख्येपेक्षा रोजच्या खाद्यावरून ठरवावा. ३५ टक्के प्रथिने असलेले १०० ग्रॅम खाद्य दिले की माशांकडून सुमारे ३.२ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. आपल्या तळ्यात याचा अर्थ रोज प्रतिलिटर ०.३ मिलिग्रॅमची भर, म्हणजे फिल्टर नसेल तर तीन-चार दिवसांत एक मिलिग्रॅम. हवेच्या बुडबुड्यांवर घुसळत राहणारा प्लास्टिकचा मूव्हिंग बेड मीडिया प्रति घनमीटर सुमारे ५०० चौरस मीटर पृष्ठभाग देतो. असा १०० लिटर मीडिया वरील खाद्याला पुरून थोडा शिल्लक राहतो. तो महाग वाटल्यास लाव्हा दगड किंवा वायरिंगच्या कोरुगेटेड पाइपाचे तुकडे वापरता येतात, मात्र जागा कितीतरी जास्त लागते. साधी खडी मी सुचवत नाही, कारण तिच्यात गाळ भरतो आणि धुताना पाठ मोडते.

हिरवे पाणी स्वच्छ करण्यासाठी यूव्ही दिवा उपयोगी पडतो; या तळ्याला ३६ ते ५५ वॅटचा पुरतो आणि त्याची नळी वर्षातून एकदा बदलावी लागते. दिवा अमोनिया कमी करत नाही, तेव्हा पाणी आरशासारखे दिसते म्हणून चाचणी टाळू नये.

चौथी पायरी: मासे आणण्यापूर्वी फिल्टर तयार करणे

नव्या फिल्टरमध्ये जिवाणू नसतात. अमोनियाचे नायट्राइट करणारे आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे असे दोन गट तिथे वाढावे लागतात आणि त्याला चार ते सहा आठवडे जातात. उष्ण दिवसांत काही कमी. हा काळ मासे घालून काढला तर त्यांचे कल्ले होरपळतात. त्याऐवजी प्रयोगशाळेला चालेल इतके शुद्ध अमोनियम क्लोराइड घ्यावे. हाच पदार्थ कल्हईवाल्यांचा नवसागर म्हणून बाजारात मिळतो, परंतु त्याच्या शुद्धतेची खात्री नसते. दर १,००० लिटरला साडेसहा ग्रॅम, म्हणजे आपल्या तळ्यात सुमारे ७० ग्रॅम, पाण्यात विरघळवून टाकल्यास अमोनियाचे प्रमाण प्रतिलिटर दोन मिलिग्रॅमच्या आसपास येते. पंप आणि हवेचा पंप दिवसरात्र सुरू ठेवावा, अमोनिया शून्यावर आला की पुन्हा तेवढीच मात्रा द्यावी, आणि दर दोन दिवसांनी अमोनिया व नायट्राइट तपासून वहीत लिहावे.

साधारण दोन आठवड्यांनी अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइटच्या परीक्षानळीत थेंब पडताच गडद जांभळा रंग येतो. तो रंग कित्येक दिवस हलत नाही, आणि इथेच लोकांचा धीर सुटतो. मग एका सकाळी नळीतील पाणी फिकट निळे राहते. टाकलेला अमोनिया २४ तासांत संपला आणि नायट्राइटही शून्य आले, की फिल्टर तयार झाला. त्यानंतर निम्मे पाणी बदलून पहिले दोन-तीन मासे सोडावेत, आणि पुढचे मासे दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने, चाचण्या शून्य असतील तरच.

पाचवी पायरी: अमोनिया, पीएच आणि क्षारता एकत्र वाचणे

थेंबांचे चाचणी-संच कागदी पट्ट्यांपेक्षा विश्वासार्ह असतात. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच आणि क्षारता (पीएच कोसळू न देणारा पाण्यातील बायकार्बोनेटचा साठा; संचावर तिला केएच म्हटलेले असते) या पाच चाचण्या लागतात. अमोनियाच्या आकड्याला एकट्याने फारसा अर्थ नसतो. पाण्यातील अमोनियाचा काही भाग मुक्त आणि विषारी असतो, उरलेला आयनरूपात आणि बराच निरुपद्रवी. २८ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर जेमतेम ०.७ टक्के भाग मुक्त असतो, पीएच ८ ला साडेसहा टक्के, आणि पीएच ९ ला तब्बल ४० टक्क्यांच्या वर. म्हणजे संचावर तोच एक मिलिग्रॅम दिसत असताना एका तळ्यातील मासे निवांत फिरतील आणि दुसऱ्यातील मरतील. हिरव्या पाण्याच्या तळ्यात शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड शोषून घेते आणि दुपारी चारच्या सुमाराला पीएच ९ पर्यंत चढतो, म्हणून पीएच सकाळी लवकर आणि दुपारी उशिरा असा दोन्ही वेळा मोजावा. फक्त सकाळी मोजणाऱ्याला धोका दिसतच नाही.

क्षारतेकडे मात्र नवशिक्यांचे आणि पुष्कळदा दुकानदारांचेही दुर्लक्ष होते, आणि माझ्या मते अनाकलनीय वाटणाऱ्या कितीतरी मृत्यूंचे मूळ तिथे असते. जिवाणू एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवताना सुमारे सात ग्रॅम क्षारता खर्च करतात. आपल्या १०० ग्रॅम खाद्याच्या हिशोबाने रोज २३ ग्रॅम, म्हणजे महिन्याला प्रतिलिटर ६० मिलिग्रॅमहून जास्त. पुण्या-मुंबईला सह्याद्रीतील धरणांचे पाणी मिळते, ते मृदू असते. त्यात मुळातच क्षारतेचा साठा थोडा असतो. तो संपला की पीएच एका रात्रीत कोसळतो, जिवाणूंचे काम थांबते आणि अमोनिया साठू लागतो. बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्यांना ही भीती कमी, पण त्यांचा पीएच आधीच चढा असतो आणि अमोनियाबाबत त्यांना अधिक जागरूक राहावे लागते.

क्षारता प्रतिलिटर १०० ते १५० मिलिग्रॅम ठेवावी. संचात एक थेंब म्हणजे एक अंश असेल तर तो सुमारे १८ मिलिग्रॅम समजावा, म्हणजे सहा ते आठ थेंबांना रंग बदलायला हवा. ती कमी असेल तर खाण्याचा सोडा वापरावा: आपल्या तळ्यात १८० ग्रॅम सोडा क्षारता दहा मिलिग्रॅमने वाढवतो. एका दिवसात वीसपेक्षा जास्त वाढवू नये. सोडा टाकण्यापूर्वी अमोनिया तपासणे अत्यावश्यक आहे, कारण पीएच खाली असताना जो अमोनिया निरुपद्रवी रूपात पडून होता तो पीएच वर जाताच विषारी होतो. अमोनिया आढळला तर आधी पाणी बदलावे आणि मगच सोड्याला हात लावावा.

नायट्राइट चढल्यास रक्त तपकिरी होते आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासे गुदमरतात. अशा वेळी दर १,००० लिटरला एक किलो जाडे मीठ, म्हणजे आपल्या तळ्यात ११ किलो, दिवसभरात तीन हप्त्यांत विरघळवून टाकावे. मिठातील क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. हे मीठ बाष्पीभवनाने जात नाही, आणि ते असेपर्यंत तळ्याचे पाणी झाडांना घालू नये. नायट्रेट ४० मिलिग्रॅमच्या आत राहिले की पुरे. परतीच्या पाण्याच्या वाटेत वेगळ्या पन्हाळीत कर्दळ लावली तर ती नायट्रेट खाते आणि माशांच्या तोंडापासूनही वाचते.

सहावी पायरी: प्राणवायू आणि वीज

समुद्रसपाटीला २० अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, आणि पुण्यासारख्या साडेपाचशे मीटर उंचीवरच्या गावात ३० अंशांना सातच. मासे, शेवाळ आणि फिल्टरमधील जिवाणू हे सर्व त्यातच वाटेकरी असतात. रात्री शेवाळही प्राणवायू वापरते, म्हणून सर्वांत कठीण वेळ पहाटेची. पहाटे मासे धबधब्याच्या तोंडाशी गोळा होऊन पृष्ठभागावर तोंडे उघडझाप करताना दिसले तर ते भुकेले आहेत असे समजू नये. मिनिटाला ४० ते ६० लिटर हवा देणारा पंप या तळ्याला बारा महिने हवा, आणि तो घरच्या इन्व्हर्टरवर जोडलेला असावा. वीज गेल्यावर पाण्याचा पंप बंद पडला तरी चालेल, हवा थांबता कामा नये.

वीज बरेच तास नसेल तर फिल्टरच्या बंद कप्प्यांतील पाण्यातला प्राणवायू संपतो आणि तिथे कुजका वास येऊ लागतो. वीज आल्यावर ते पाणी तळ्यात जाऊ देऊ नये. आधी कप्प्यांच्या झडपा उघडून ते बाहेर सोडावे आणि नंतर पंप सुरू करावा.

सातवी पायरी: पाणी बदलणे आणि फिल्टर धुणे

दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे. उन्हाळ्यात आटलेले पाणी भरून काढणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे: बाष्प होते ते फक्त पाणी, क्षार मागेच राहतात, आणि बोअरवेलच्या पाण्याने नुसती भर घालत राहिल्यास मार्च ते मे या काळात ते साठत जातात. आधी तळातून पाणी सोडावे, मगच नवे भरावे.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, आणि सोसायटीच्या टाकीत किंवा टँकरमध्ये टीसीएल (ब्लीचिंग) पावडर घातलेली असेल तर ते बरेच जास्त असू शकते. एक हजार लिटरची टाकी वेगळी ठेवून त्यात २४ तास हवा सोडणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारा हायपो (सोडियम थायोसल्फेट) दर १,००० लिटरला दहा ग्रॅम टाकल्यास प्रतिलिटर एक मिलिग्रॅम क्लोरीन निघून जाते. बोअरवेलच्या ताज्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, म्हणून तेही फवाऱ्याने किंवा टाकीत हवा देऊनच वापरावे.

ब्रश आणि मॅट तळ्याच्याच पाण्यात खळबळून घ्याव्यात, नळाखाली धरू नयेत, आणि सर्व एकाच दिवशी धुऊ नयेत. मूव्हिंग बेडला हात लावण्याची गरज सहसा पडत नाही. मीडियावरचा पातळ तपकिरी थर ही घाण नसून तेच आपले जिवाणू आहेत.

पावसाळा आणि बाहेरून येणारे धोके

तळ्याची कड जमिनीपेक्षा निदान सहा इंच वर असावी, म्हणजे अंगणातील चिखल, खते आणि कीटकनाशके वाहून आत येणार नाहीत. पावसाच्या पाण्यात क्षारता जवळपास नसते. संततधारेच्या आठवड्यात तळे भरून वाहते आणि क्षारताही वाहून जाते, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये ती चाचणी आठवड्यातून दोनदा करावी. पाणी गढूळ झाले की तुरटी फिरवण्याची आपल्याकडे सवय आहे. तळ्यात ती कदापि वापरू नये, कारण तुरटी उरलीसुरली क्षारता खाते, पीएच पाडते आणि तिच्यातील ॲल्युमिनिअम अशा पाण्यात कल्ल्यांना इजा करते. शेवाळासाठी मोरचूद टाकण्याचा सल्लाही ऐकू नये. मृदू पाण्यात तांब्याची थोडी मात्राही माशांना मारू शकते.

डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धूरफवारणी होते. तिच्यात वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अत्यंत घातक असतात, आणि तळ्याचा हवेचा पंप तो धूर ओढून थेट पाण्यात सोडतो. फवारणीची गाडी येताना दिसली की हवेचा पंप बंद करावा, तळ्यावर ताडपत्री ओढावी, पाण्याचा पंप सुरू ठेवावा आणि धूर पूर्ण विरल्यावर हवा पुन्हा सुरू करावी. तळ्यात डासांसाठी औषध टाकण्याची गरज नाही, कारण डासांच्या अळ्या कोई स्वतःच खातात; फवारणीला येणाऱ्या कर्मचाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवावे.

मासे अचानक सुस्त झाले, पर मिटून तळाशी बसले किंवा पृष्ठभागावर धापा टाकू लागले, तर औषधाची बाटली उघडण्यापूर्वी हवा वाढवावी, खाद्य बंद करावे आणि अमोनिया, नायट्राइट, पीएच व क्षारता या क्रमाने तपासावे. पहिल्या दोहोंपैकी काहीही आढळले तर क्लोरीन काढलेल्या पाण्याने ३० टक्के पाणी बदलावे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासावे आणि गरज असल्यास पुन्हा बदलावे. निरोगी कोई आठवडाभर उपाशी राहू शकतो, तेव्हा खाद्य सुरू करण्याची घाई नको. दोन्ही चाचण्या सलग तीन दिवस शून्य आल्यावर नेहमीच्या पाव भागापासून सुरुवात करावी, आणि माशांनी पाच मिनिटांत न खाल्लेले दाणे जाळीने काढून टाकावेत.